मोकळवाडीचं देऊळ

गेल्या महिन्यात चाकणला एका लग्नाला गेले होते. जेवणं उरकली, चिंचवडला परतायची घाई नव्हती, म्हणून रिक्षावाल्याला म्हटलं, जरा ओढ्याच्या बाजूने घ्या. ओढा कुठला, असं त्याने विचारलं. तो धाराशिवकडचा, इकडे येऊन फार दिवस झाले नव्हते. मग मीच खुणा सांगत गेले. आधी वजनकाटा, मग टपऱ्यांची रांग, मग ट्रकांचा तळ. रस्ता संपला तिथे निळ्या पत्र्याचं एक लांबलचक गोदाम उभं होतं. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "कोणाला भेटायचंय, मॅडम?"

"मागे आमच्या कबरी आहेत."

"हां, ते कबरीवाले. जावा की. तिकडून गल्ली ठेवलीय."

गोदामाची भिंत आणि तारेचं कुंपण यांच्यामधून एक माणूस जाईल एवढी वाट आहे. वाटेच्या टोकाला आमची माणसं झोपलेली आहेत. बहुतेक कबरींवर नुसता दगड उभा केलेला, नाव नसलेला. काहींवर छिन्नीने कोरलेला क्रूस, तोही आता बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. सगळ्यात नवी कबर माझ्या आत्याची, एस्तेर आत्याची. तिच्यावर मात्र सिमेंटची पाटी आहे आणि पाटीवर नाव आहे. मी घाणेरीच्या फांद्या बाजूला केल्या. तो उग्र, हिरवा वास हाताला लागला आणि तो लागल्याबरोबर पत्रा, ट्रक, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास सगळं मागे सरलं. जिथे गोदाम आहे तिथे मला आमचं देऊळ दिसायला लागलं.

आम्ही त्याला देऊळच म्हणायचो. चर्च हा शब्द चिंचवडला राहायला आल्यावर तोंडात बसला. माळावर सगळे म्हणायचे, देवळात चला, देवळाची घंटा झाली. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. तो लिंबाला टांगलेला असे आणि त्यावर लोखंडी गजाने ठोके पडत. त्याचा आवाज ओढ्यापलीकडे गावात जायचा. गावातली माणसं म्हणायची, मोकळवाडीत उपासना लागली, म्हणजे आज रविवार.

सरकारी कागदावर वस्तीचं नाव वेगळंच होतं. मोकळवाडी हे नाव गावाने ठेवलं, तेही टोमणा म्हणून. आमचे पणजोबा आणि त्यांचे भाऊबंद गावाची येसकरी करत. वेशीवर पहारा ठेवायचा, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जायचं, मेलेली गुरं ओढायची, हलगी वाजवायची. बदल्यात दारोदार उभं राहून भाकर मागायची. एका वर्षी ती सगळी माणसं, बायकापोरांसह, उठून ओढ्यापलीकडच्या माळावर आली. का आली, त्या दिवशी नेमकं काय झालं, हे मला कोणी सांगितलं नाही. आत्याला विचारलं की ती म्हणायची, "पुरे झालं म्हनून आली. अजून काय पायजे?" गावाने म्हटलं, मोकळी झाली ही, बघू किती दिवस मोकळी राहतात. आमच्या माणसांनी तो शब्द उचलला आणि वस्तीला लावून टाकला.

माळ असा होता की तो कोणी मागितला नसता. कुसळी गवत आणि धोंडे. कुदळ मारली की ठिणगी उडायची. त्या माणसांनी आधी दगड वेचले. वेचलेले दगड कुठे टाकायचे हा प्रश्न होता, म्हणून मधल्या उंचवट्यावर रचत गेले. शेत जसजसं उघडं व्हायला लागलं तसतशी रचलेली भिंत वर जायला लागली. वर्षातून एक-दोनदा टांग्याने येणाऱ्या मिशनच्या पाळकसाहेबांनी ती भिंत पाहून विचारलं म्हणे, हे काय बांधताय? तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण काहीतरी बांधतोय. आत्या ही गोष्ट सांगताना दर वेळी हसायची, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "पेरायच्या आदी त्यांनी देऊळ पिकवलं." त्या भिंतींवर पुढे कौलं चढली, लाकडी दार लागलं. बाहेरून ते गुरांच्या गोठ्यासारखंच दिसायचं. आमची बाकीची भावकी पुढे बुद्धाच्या वाटेने गेली. त्यांचं विहार चाकणच्या बाजूला आहे. लग्नाकार्याला येणंजाणं राहिलं, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्या भेटल्या की ओढ्यापलीकडच्या त्याच जुन्या दारांबद्दल बोलायच्या.

माझं लहानपण म्हणजे शनिवारचं सारवण. वस्तीतल्या बायका पाट्या भरभरून शेण आणायच्या आणि देवळाची जमीन सारवायच्या. आत्या सगळ्यांत पुढे, ओणवी, हाताचे अर्धगोल एकात एक घालत मागे सरकत यायची. तिचं लग्न वस्तीतच झालं होतं, त्यामुळे ती आमच्याच अंगणात असल्यासारखी. सारवण वाळेपर्यंत आत पाऊल टाकायची कोणाची टाप नव्हती. रविवारी सकाळी आम्ही अनवाणी आत जायचो तेव्हा जमीन गार आणि किंचित खरखरीत लागायची, आणि शेणाचा, राखेचा, कंदिलाच्या रॉकेलचा, बायकांच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा मिळून एक वास असायचा. देवाचा वास तोच, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. नंतर चिंचवडच्या चर्चमध्ये बाकं होती, पंखे होते, फरशी पुसलेली असायची. तिथे प्रार्थनेला डोळे मिटले की मला काही तरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

माळावरच्या गाण्यांना साथ असे ती झांजेची आणि टाळ्यांची. हलगीला देवळात जागा नव्हती. गाव सोडताना पणजोबांनी आपली हलगी वेशीवरच्या बाभळीला अडकवली आणि मागे वळून पाहिलं नाही, असं सांगत. तेव्हापासून वस्तीत हलगी नाही हा नियम, कोणी न लिहिलेला. मुलं डब्यावर ताल धरायला लागली तरी म्हातारे डोळे वटारायचे.

तो नियम माझ्या आजोबांनी मोडला. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. नाताळची सकाळ, अंगणात शेकोटी. आजोबांनी घोंगडीखालून हलगी काढली आणि कातडं तापवायला विस्तवाजवळ धरली. कातड्याचा तो गरम, खारट वास मला अजून आठवतो. एक म्हातारी पदर डोक्यावर ओढून उठून गेली. कोणी तरी म्हणालं, "दाजी, पुन्हा त्येच का?"

आजोबा हलगीवर बोट मारून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "तवा लोकाच्या दारात वाजवायचो. आज आपल्या दारात वाजवतोय. कातडं त्येच हाय. हात न्हाई त्यो."

मग ते वाजवायला लागले. मी आत्याच्या मांडीवर होते. तिच्या मांडीचा थरकाप मला कळत होता. ती रडत होती की तिचे पाय तालावर हलत होते, ते मला तेव्हा समजलं नाही. उठून गेलेली म्हातारी थोड्या वेळाने परत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. त्या नाताळापासून देवळात हलगी आली.

पण आमचा खरा सण नाताळ नव्हता. आमचा सण हंगामाचा. बाजरी खळ्यावर आली, कांद्याची रोपं लागली की त्याच सुमाराच्या एका रविवारी प्रत्येक घर आपल्या शेतातलं पहिलं काहीतरी देवळात आणायचं. बाजरीची कणसं, हुलगे, मटकी, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी उपासनेच्या मधेच फडफडायची आणि आम्ही पोरं आईचा पदर तोंडात कोंबून हसायचो. आणलेलं सगळं मग अंगणात एकत्र शिजायचं. तीन दगडांच्या चुली, काटक्यांचा धूर, बायकांच्या बांगड्या, बाजरीच्या भाकरी थापल्याचा आवाज. आणि पंगत बसली की हातभाकर.

हातभाकर म्हणजे एवढंच. पहिला घास खायच्या आधी प्रत्येकाने आपल्या भाकरीचा तुकडा शेजारच्याच्या तळहातावर ठेवायचा आणि ठेवताना दुसऱ्या हाताने त्याचा हात खालून धरायचा. क्षणभर तसंच थांबायचं. मग पुढे. जुन्या दिवसांत गावातल्या दारांवर आमच्या माणसांना भाकर मिळायची ती वरून. देणारीचा हात वर, घेणारीची पाटी खाली, मधे अंतर. भाकर पडायची. कधी पाटीत, कधी पाटीच्या बाहेर. मोकळवाडीत आल्यावर पहिल्या हंगामाला त्या माणसांनी ठरवलं, आपल्यात भाकर पडणार नाही. लहानपणी मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त शेजारी बसलेल्या माणसांचे हात आठवतात. आत्याचा हात चुलीने गरम झालेला. आजोबांचा हात बाभळीच्या सालीसारखा. आईच्या हाताला कांद्याचा वास.

मी दहा वर्षांची असताना वडिलांना चिंचवडला कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. सुट्टी लागली की एसटीने माळावर. दर वेळी काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी ओढ्यातले खेकडे गेले. मग ओढ्याचं पाणी. मग कांदा साठवायच्या आरणी. ऊन चढलं की त्यांचा गोडसर, कुजका वास माळभर पसरायचा, तो वास गेला. रुळाच्या तुकड्याचा आवाज कंपनीच्या भोंग्यात ऐकू येईना. शेतं कधी गेली, कोणी कोणाला दिली, ते सांगत बसत नाही. ती गेली. वस्तीतली मुलं शिफ्टला जायला लागली, पोरी नर्सिंगला, मीही त्यातलीच. पक्की घरं झाली. घरांच्या मागे भाड्याच्या खोल्या झाल्या, त्यांत बीड, लातूर, परभणीकडची माणसं आली. मी चिंचवडच्या दवाखान्यात नोकरी केली, संसार केला, आणि हंगामाचा सण कधी बंद पडला ते मला कळलंसुद्धा नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी आत्याच्या मुलाचा, प्रकाशचा फोन आला.

"ताई, रविवारी ये. हंगामाचा सण आहे."

"कसला हंगाम रे आता?"

"आई म्हणतेय करायचा. सण झाल्यावर ती सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"हो की नाही ते."

देऊळ आणि मागची दफनभूमी एवढीच जागा आता मंडळीकडे उरली होती, आणि तीही मागायला गोदामवाल्यांची माणसं आली होती. तरुणांचं म्हणणं, देऊन टाकू, चाकणला भाड्याने हॉल घेऊ. इथे पावसाळ्यात गुडघाभर चिखल, ट्रकांतून वाट काढत म्हाताऱ्यांनी यायचं कसं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वाडवडिलांनी हाताने रचलेली भिंत आपण विकायची? प्रकाश द्यायच्या बाजूचा, त्याचा थोरला भाऊ शांतवन न द्यायच्या, आणि ह्यावरून दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एकाच देवळात एक दाराजवळ बसायचा, एक खिडकीजवळ. शेवटी पाळकसाहेबांनी सुचवलं, एस्तेरबाई सगळ्यांत वडील. त्या म्हणतील तसं करू. दोन्ही बाजूंनी मान्य केलं, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं ती आपल्यासारखंच म्हणेल.

मी पोचले तेव्हा आत्या देवळाच्या पायरीवर बसली होती. अंगण सारवलेलं.

"सलाम, आत्या."

"सलाम बाय. आलीस व्हय? चप्पल तिथंच काढ, वलं हाय अजून."

"शेण कुठून आणलंस?"

"इकत मिळतंय आता," ती म्हणाली. "पिशवीत."

उपासनेला माणसं जमली. काहीजण रात्रपाळी करून थेट आलेले, कंपनीच्या निळ्या शर्टात, डोळे लाल. शांतवन दाराजवळ, प्रकाश खिडकीजवळ. पाळकसाहेब तरुण, पिंपरीहून मोटारसायकलवर येणारे. पहिल्या पिकाबद्दलचा उतारा त्यांनी वाचला आणि म्हणाले, "ज्यांनी जे आणलंय ते पुढे आणावं." एकेक जण उठला. बाजारातल्या मेथीच्या जुड्या. प्लास्टिकच्या पिशवीत तांदूळ. साखर. तेलाचा डबा. सफरचंदं, त्यांच्यावर चिकटवलेल्या छोट्या चिठ्ठ्या तशाच. प्रकाशने कंपनीने दिवाळीला दिलेला मिठाईचा खोका ठेवला. मी चिंचवडहून नेलेली द्राक्षं ठेवली आणि मला उगाच संकोच वाटला.

आत्या त्या सगळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग काठीवर जोर देऊन उठली.

"ह्यातलं ह्या मातीत काय पिकलंय?"

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा टुंटुं आवाज येत राहिला.

"आई, माती कुठं राहिलीय आता?" प्रकाश हळूच म्हणाला.

ती काठी टेकून उभीच राहिली. पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं. तेवढ्यात दाराशी कोणी तरी खाकरलं. कुंपणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी शोभा उभी होती. ती बीडकडची, नवरा ठेकेदाराकडे कामाला. चपला लांब काढलेल्या, हातात सूप, सुपात घेवड्याच्या शेंगा. कोवळ्या, जांभळ्या कडांच्या. त्यांवर सकाळचं दव अजून होतं.

"मावशी, आत येऊ का?"

"ये की."

"सकाळधरनं बघायलेय, सगळे काय काय घेऊन आत चाललेत. म्हनलं कसला सण आहे, तर ह्या पोरी म्हनल्या, पिकलेलं द्यायचा." तिने सूप पुढे केलं. "तुमच्या भिंतीच्या कडंला वेल लावलाय मी. आषाढात लावला. तुमाला इचारलं न्हाई. भिंत तुमची हाय म्हनून हे बी तुमचंच."

आत्याने काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी सूप घेतलं. एक शेंग उचलून मोडली, नाकाशी धरली. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. मग ती पुढे गेली आणि सूप मेथी, तांदूळ, मिठाईच्या मधोमध ठेवलं. तांदळाची पिशवी थोडी सरकवून जागा केली.

"आता करा प्रार्थना," ती पाळकसाहेबांना म्हणाली.

दुपारी अंगणात घेवडा शिजला. गॅसच्या शेगडीवर, कारण काटक्या आणायच्या कुठून? पण भाकरी बाजरीच्या होत्या आणि त्या आत्याने स्वतः थापल्या. शोभा सूप घेऊन निघाली होती, आत्याने तिला जाऊ दिलं नाही, आपल्या शेजारी बसवलं. मग तिच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि खालून हात धरला.

"मावशी, असा हात धरून का देताय?"

आत्याने सांगितलं. तेवढ्याच शब्दांत, वर भाकर, खाली पाटी. शोभाने मान खाली घातली. तिच्या हातात तुकडा होता तसाच राहिला. मग म्हणाली, "आमच्याकडं माजी आजी द्यायची की अशी. वरून. मी बगितलंय."

"आसंल," आत्या म्हणाली. "तू दे आता."

शोभाने आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, आत्याच्या हातावर ठेवला, आणि दोन्ही हातांनी तो सुरकुतलेला हात धरून ठेवला. धरायचा असतो त्यापेक्षा जास्त वेळ. आजूबाजूला सगळे जेवायला लागले होते. आत्याने हात सोडवून घेतला नाही.

जेवणं झाल्यावर कोणी उठेना. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने पदराने तोंड पुसलं.

"माझ्या आज्यानं ह्यो दगड उचलला," ती भिंतीकडे हात करून म्हणाली, "तवा त्यानं मागं एक घर सोडलं व्हतं. त्या घरात त्याचं बी आईबाप मेलं व्हतं. त्यानं काय म्हनलं आसंल, वाडवडलांची जागा कशी सोडू? तसं म्हनला आसता तर आज बी मी दारात हुबी आसते." ती थांबली. "आपण निघालेली मानसं. जागंला बांधून घेयाचं आपलं काम न्हाई. द्या."

शांतवनने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. प्रकाशला आनंद व्हायला हवा होता, पण तो सारवलेल्या जमिनीकडे बघत बसला होता.

"पन मागल्या मानसांना हलवायचं न्हाई," आत्या पुढे म्हणाली. "त्यांचं निघून झालंय. त्यांच्याकडं जायाला वाट ठेवा, ह्ये कागदावर लिहून घ्या. आन शांतवन, तूच घे लिहून. तुला कळतंय त्यातलं."

त्याने मान डोलावली. ज्या भावाने जागा विकू नये म्हणून महिनोन्‌महिने भांडण केलं होतं, त्यालाच तिने ते काम दिलं. ती गल्ली आज आहे ती शांतवनमुळे. त्यासाठी तो वर्षभर चाकण ते राजगुरुनगर कचेरीच्या फेऱ्या मारत होता, आणि पुढे पुढे प्रकाशच त्याला गाडीवर घेऊन जायचा.

कागद झाले त्या उन्हाळ्यात देऊळ उतरवलं. मी त्या दिवशी गेले होते. कौलं काढली तेव्हा वटवाघळांचा वास आला, आणि आढ्यावर आभाळ दिसलं तसं आतलं सगळं लहान वाटायला लागलं. इतकी माणसं ह्यात मावायची कशी, असं मनात आलं. मजुरांना वाटलं होतं दगडी भिंत पाडायला वेळ लागेल, पण दगडांत चुना नव्हता, नुसती माती. एकेक दगड हाताने सुटत गेला. शोभाचा वेल तोवर वाळून गेला होता. तिचे लोक पावसाळ्यापूर्वी खोली बदलून तळेगावकडे गेले, तिथे नवऱ्याला काम मिळालं. जाताना ती आत्याला भेटून गेली, पण तेव्हा मी नव्हते.

आत्या त्या दिवशी आली नाही. ती प्रकाशच्या चऱ्होलीच्या फ्लॅटवर राहायला गेली होती. मी भेटायला गेले की गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली असायची. खाली इमारतीच इमारती, मधेच एखादा उरलेला उसाचा तुकडा. "पाय मातीला लागत न्हाई हितं," एवढीच तिची तक्रार. देवळाबद्दल तिने कधी विचारलं नाही. आपणहून मी काही सांगायला लागले की ती ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "व्हय. चा टाकते."

चाकणचा हॉल पहिल्या मजल्यावर होता, खाली टायरचं दुकान. नव्या जागेतल्या पहिल्या उपासनेला मी मुद्दाम गेले. हॉल चांगला होता, रंग नवा, खुर्च्या नव्या. पण वर जायचा जिना लोखंडी आणि उभा. आत्याने दोन पायऱ्या चढून बघितल्या आणि परत उतरली. गुडघे साथ देईनात.

"तुमी जावा वर," ती म्हणाली. "मी खालनं ऐकते. गानी काय, खाली बी येत्यात."

प्रकाशने टायरवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि तिला सावलीत बसवलं. दुकान चालू होतं. हवा भरायच्या कॉम्प्रेसरची घरघर एवढी होती की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. सगळे वर गेले. मी पायरीवर घोटाळत होते. वर पेटीचे सूर लागले, थांबले. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं वाजायला लागली, आणि सगळ्यांत पुढे शांतवन पेटी खांद्यावर घेऊन खाली येताना दिसला. मागे प्रकाश, त्याच्या हातात पेटीचं स्टूल. त्यांच्या मागे बाकीचे, गीतांची पुस्तकं छातीशी धरून. पाळकसाहेब सगळ्यांच्या शेवटी.

"काय रे, काय झालं?" आत्या म्हणाली.

"वर गरम होतंय," शांतवन म्हणाला.

पार्किंगच्या फरशीवर सगळे बसले, काळ्या टायरांच्या रांगांच्या मधे, रबराच्या आणि ग्रीसच्या वासात. आत्याने डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं. तिचा आवाज आता बारीक झाला होता. पहिल्या ओळीत तर तो मला दिसला फक्त, तिच्या ओठांवर. दुकानदार एका ट्रकच्या चाकाशी वाकलेला होता, तो उभा राहिला. इकडे बघितलं. फडक्याला हात पुसले, भिंतीशी गेला आणि कॉम्प्रेसर बंद केला.

त्या शांततेत तिचा आवाज उघडा पडला, आणि मग दुसऱ्या ओळीला सगळे तिच्यात मिसळले.

आत्याला जाऊन आता वर्ष होत आलं. हॉलचं भाडं मंडळी अजून भरते, नाताळचं सजावटीचं सामान तिथे ठेवलेलं असतं. उपासना खालीच होते. रविवारी त्या वेळी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असतं, आणि चाक घेऊन आलेल्या माणसाला दुकानदार हातानेच खूण करतो, थांब जरा.